वाद होता, वैर नव्हते
(गांधीजींचा खून, बाबासाहेब आणि आपण)



स्मरणिकेच्या बैठकीत मी या लेखाचा विषय सांगितला, तेव्हा एक तरुण उपासक लगेच उठून म्हणाला, "काका, आपल्या विहाराच्या पुस्तकात गांधींवर लेख कशाला? पुणे करार विसरलात का?" दोन-चार जण हसले, दोन-चार जणांनी माना डोलावल्या. मला राग आला नाही. उलट बरे वाटले. प्रश्न विचारणारा पोरगा घरातला असेल तर घर जिवंत आहे असे समजावे. तथागतानेही डोळे झाकून मानू नका, तपासून घ्या, असेच शिकवले. त्या पोराला बैठकीत दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी एका शब्दाबद्दल. आपल्याकडे पुष्कळ लोक सहज बोलताना 'गांधीवध' म्हणतात. मराठीत वध कोणाचा होतो? कंसाचा, रावणाचा, महिषासुराचा. वध म्हटले की मारणारा देव ठरतो आणि मरणारा राक्षस. शब्द साधा दिसतो, पण निकाल देऊन मोकळा होतो. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत जे झाले तो खून होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, नुकताच उपोषणातून उठलेला, दोन मुलींच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थनेला चाललेला एक निःशस्त्र म्हातारा माणूस गोळ्या घालून मारला गेला. शब्दांनी माणसाला अस्पृश्य कसे करता येते हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे? म्हणून आपण तरी शब्द नीट वापरावा.

कोण होता हा माणूस?

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. १८९१ साली ते लंडनहून बॅरिस्टर होऊन आले. वकिली इथे चालेना म्हणून १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे पहिल्या वर्गाचे तिकीट खिशात असताना, केवळ कातडीचा रंग काळा म्हणून, पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनावर त्यांना गाडीतून खाली उतरवण्यात आले. उच्चवर्णीय घरात जन्मलेल्या माणसाला 'तू आमच्यात बसायचे नाही' हे शब्द तिथे पहिल्यांदा ऐकावे लागले. आपल्या बापजाद्यांना ते शब्द जन्मल्यापासून ऐकावे लागत होते, हा फरक लक्षात ठेवून पुढे वाचावे.

त्या अपमानातून सत्याग्रहाची कल्पना वाढली. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत हिंदी लोकांनी शपथ घेतली की अन्यायाचा कायदा पाळणार नाही, शिक्षा भोगू, पण हात उचलणार नाही. १९१५ मध्ये गांधीजी मुंबईला परतले. गोपाळ कृष्ण गोखले यांना त्यांनी गुरू मानले होते. पुढे १९१७ चे चंपारण, १९२० चे असहकार आंदोलन, १९३० ची दांडीयात्रा, १९४२ चे 'चले जाव' हा इतिहास शाळेत सर्वांनी वाचला आहे. तो इथे पुन्हा सांगत बसत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. फेब्रुवारी १९२२ मध्ये संयुक्त प्रांतातल्या चौरीचौरा गावी चिडलेल्या जमावाने पोलीस चौकीला आग लावली. बावीस पोलीस मेले. आंदोलन ऐन भरात होते. गांधीजींनी सारे आंदोलन थांबवले. सहकारी चिडले, तुरुंगात बसलेले नेते हळहळले. पण ते मागे हटले नाहीत. माझ्या नावाने माणसे जाळली जाणार असतील तर मला तो विजय नको, असा त्याचा अर्थ होता. ही चौरीचौराची आग ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

त्यांची अहिंसा ही भित्र्याची अहिंसा नव्हती. पळपुटेपणा आणि हिंसा यांतूनच निवडायची वेळ आली तर हिंसा परवडली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. तिच्यात विसंगतीही होत्या. १९१८ मध्ये ते खेडा जिल्ह्यात इंग्रजांच्या फौजेसाठी माणसे भरती करत गावोगाव हिंडले. १९४७ च्या अखेरीस काश्मीरमध्ये सैन्य पाठवण्यालाही त्यांनी विरोध केला नाही. माणूस होता, चुकत होता, बदलत होता. देव्हाऱ्यात बसवले की हे दिसत नाही, आणि शिव्या द्यायला लागले की तेही दिसत नाही.

दोन माणसांचा वाद

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येऊ. पुणे करार.

बाबासाहेब आणि गांधीजी यांची पहिली भेट १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात झाली. त्याआधी २० मार्च १९२७ ला महाडचे चवदार तळे गाजले होते. त्याच वर्षी डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेच्या मंडपात गांधीजींचे चित्र लावलेले होते. म्हणजे सुरुवातीला आपल्या माणसांनी त्यांच्याकडे आशेने पाहिले होते. पण मणिभवनातली भेट कडू झाली. बाबासाहेब अस्पृश्य समाजातले आहेत हेसुद्धा गांधीजींना तोवर ठाऊक नव्हते. कोणी कळवळ्याचे ब्राह्मण गृहस्थ असावेत, अशी त्यांची समजूत होती. आपल्या नेत्याची एवढीही माहिती नसणे, यातच सारा दुरावा दिसून येतो.

गोलमेज परिषदेत तो वाद उघड झाला. अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी कोण, हा मुख्य प्रश्न होता. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा दिला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. २० सप्टेंबरला त्यांनी प्राणांतिक उपोषण सुरू केले. सारा देश बाबासाहेबांकडे बोट दाखवू लागला. गांधीजी मेले असते तर खेड्यापाड्यांतल्या महार-मांगांच्या झोपड्यांचे काय झाले असते, याचा विचार बाबासाहेबांना करावा लागला. २४ सप्टेंबर १९३२ ला करारावर सह्या झाल्या. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. आपला माणूस निवडण्याचा अधिकार आपल्या हातून गेला. ही सल बाबासाहेबांना शेवटपर्यंत होती आणि आपल्यालाही आहे.

उपोषण हे अहिंसेचे हत्यार खरे. पण ते दुबळ्यावर रोखले तर त्यातही जबरदस्ती असते. हे मी स्पष्ट लिहितो, म्हणजे त्या पोराला मी काही झाकतोय असे वाटू नये.

पुढेही वाद चालूच राहिला. १९३६ मध्ये बाबासाहेबांचे जातिनिर्मूलनावरचे न झालेले भाषण पुस्तकरूपाने निघाले. गांधीजींनी आपल्या साप्ताहिकात त्याच्यावर टीका केली. बाबासाहेबांनी पुढच्या आवृत्तीत ती टीका शब्दशः छापली आणि तिच्याखाली आपले उत्तर छापले. बंधूंनो, विरोधकाचे म्हणणे आपल्याच पुस्तकात पूर्ण छापायला छाती लागते! १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणारा मोठा ग्रंथ त्यांनी लिहिला. त्यात कुठेही दयामाया नाही. पण प्रत्येक वार पुराव्याचा आहे.

या वादाचा परिणाम गांधीजींवर झाला की नाही? झाला. हळू झाला, पुरेसा झाला नाही, पण झाला. वीस-पंचवीस साली वर्णाश्रमाची बाजू घेणारा माणूस नोव्हेंबर १९३५ मध्ये जात गेली पाहिजे असे लिहू लागला. १९४६ मध्ये त्यांनी जाहीर केले की सेवाग्राम आश्रमात यापुढे लग्न लागेल ते वधूवरांपैकी एक अस्पृश्य समाजातला असेल तरच. जो माणूस बदलू शकतो त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ असतो. माणूसच मारून टाकला तर बदलणार कोण?

पुण्याचा बॉम्ब

गांधीजींना मारले ते फाळणीमुळे, पाकिस्तानला पंचावन्न कोटी रुपये देण्याच्या हट्टामुळे, असे अनेक वेळा सांगितले जाते. हे ऐकले की मला एक तारीख आठवते. २५ जून १९३४.

पुणे करारानंतर गांधीजींनी अस्पृश्यता निवारणासाठी देशभर दौरा काढला. ७ नोव्हेंबर १९३३ ला वर्ध्याहून निघाले आणि सुमारे नऊ महिने, साडेबारा हजार मैल हिंडले. या कामासाठी आठ लाख रुपये जमवले. 'हरिजन' हे त्यांनी दिलेले नाव आपल्याला मान्य नव्हते आणि नाही. पण या दौऱ्यात सनातन्यांनी त्यांना जागोजाग काळे झेंडे दाखवले. बिहारात देवघरजवळ त्यांच्या मोटारीवर लाठ्या घातल्या. आणि पुण्यात, नगरपालिकेच्या मानपत्र समारंभाला ते येत असताना, त्यांची समजून दुसऱ्याच मोटारीवर बॉम्ब टाकला गेला. काही माणसे जखमी झाली. गांधीजी वाचले. बॉम्ब टाकणाऱ्याची आपल्याला कीव येते, असे ते म्हणाले.

१९३४ साली फाळणी कुठे होती? पंचावन्न कोटी कुठे होते? तेव्हा प्रश्न एवढाच होता की देवळाचे दार आणि विहिरीचे पाणी सर्वांना खुले व्हावे की नाही. म्हणजे आपण त्यांच्यावर 'तुम्ही कमी केले' म्हणून रागावलो होतो, आणि दुसरे लोक 'तुम्ही फार केले' म्हणून रागावले होते. आपण पुस्तक लिहिले. त्यांनी बॉम्ब टाकला. सगळा फरक इथे आहे.

३० जानेवारी

१९४६-४७ मध्ये देशात माणूस माणसाला कापत होता. गांधीजी सत्तेच्या वाटाघाटी सोडून नोआखालीच्या चिखलात पायी हिंडले, मग बिहारात गेले. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत रोषणाई होती. ते त्या दिवशी कलकत्त्याच्या बेलियाघाटा भागात एका मुसलमानाच्या पडक्या घरात उपास करीत बसले होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या उपोषणाने कलकत्त्यातली कत्तल थांबली. १३ जानेवारी १९४८ ला दिल्लीत त्यांनी शेवटचे उपोषण सुरू केले. १८ तारखेला सर्व पक्षांच्या लोकांनी शांततेची हमी दिल्यावर ते सोडले.

२० जानेवारीला बिर्ला हाउसमध्ये प्रार्थनेच्या वेळी बॉम्ब फुटला. मदनलाल पहवा हा पंजाबचा निर्वासित तरुण पकडला गेला. आपल्या शेजारच्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) शहराशी या कटाचा संबंध आहे, हे पुष्कळांना माहीत नाही. कटातला विष्णू करकरे नगरला हॉटेल चालवत होता आणि मदनलाल तिथेच त्याच्या सहवासात आला. फाळणीच्या कत्तलीत होरपळून आलेला तो पोरगा होता. त्याच्या जखमेला कोणी मलम लावले नाही. जखमेत बारूद भरली. द्वेष असा हातातून हातात जातो. या मदनलालाबद्दलही गांधीजी म्हणाले की त्याचा तिरस्कार करू नका.

मुंबईच्या रुईया कॉलेजातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांच्याजवळ मदनलाल आधीच काही बोलून गेला होता. २० तारखेचा स्फोट ऐकल्यावर जैनांनी मुंबई सरकारच्या मंत्र्यांना सावध केले. दहा दिवस हातात होते. तरीही माणूस वाचला नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी १९४८. सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास नथुराम गोडसे पुढे आला, वाकल्यासारखे केले आणि पिस्तुलाच्या तीन गोळ्या झाडल्या. तो पुण्यात वृत्तपत्र चालवत होता. रोज लिहायला ज्याच्या हातात अख्खा कागद होता, त्याला शब्द पुरले नाहीत. आठ जणांवर खटला चालला. गोडसे आणि नारायण आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. ती फाशी देऊ नये अशी विनंती गांधीजींच्या मणिलाल आणि रामदास या दोन मुलांनी केली होती. बापाचे मारेकरी फासावर जाऊ नयेत म्हणून मुलांनी हात जोडावेत, याला मी वारसा म्हणतो.

बाबासाहेबांनी काय केले?

त्या वेळी बाबासाहेब देशाचे कायदेमंत्री होते, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. प्रकृती बिघडलेली होती. बातमी कळल्यावर ते बिर्ला हाउसला गेले. अंत्ययात्रेतही काही अंतर चालले.

काही दिवसांनी, फेब्रुवारीत, त्यांनी डॉ. शारदा कबीर यांना, म्हणजे पुढच्या माईसाहेबांना, खाजगी पत्र लिहिले. खाजगी पत्रात माणूस खरे बोलतो. त्या पत्रात त्यांनी गांधीजींवरची आपली टीका जराही मागे घेतली नाही. थोर माणसे देशाची सेवा करतात तशी कधी प्रगतीची वाटही अडवतात, अशा आशयाचे ते लिहितात. गांधीजी देशाला धोका होऊन बसले होते, इथपर्यंत त्यांचे शब्द जातात. आणि त्याच पत्रात ते म्हणतात की गांधीजींना एका महाराष्ट्रीयाच्या हातून मरण यायला नको होते, इतकेच नव्हे तर असले नीच कृत्य कोणीही करणे वाईटच.

दोन्ही गोष्टी एकाच पत्रात. लोक सोयीप्रमाणे एकच अर्धे वाचतात. कोणी टीका तेवढी उचलतो, कोणी हळहळ तेवढी उचलतो. बाबासाहेब पूर्ण वाचावेत. मेला म्हणून खोटी स्तुती नाही, आणि विरोधक होता म्हणून खुनाचे समर्थनही नाही.

१५ एप्रिल १९४८ ला त्यांचे लग्न झाले. वल्लभभाई पटेलांनी अभिनंदन करताना लिहिले की बापू असते तर त्यांनी आशीर्वाद दिला असता. बाबासाहेबांनी उत्तरात ते मान्य केले. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले, तेव्हा सभागृहात गांधीजींचा जयजयकार झाला. मसुदा मांडणारा माणूस कोण होता हे आपण जाणतोच. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की आता घटनेचा मार्ग खुला झाला आहे, सत्याग्रहाचा मार्गही आता सोडावा. आणि १९५५ मध्ये बी.बी.सी.ला मुलाखत देतानाही आपण गांधींना महात्मा मानत नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितले. वाद संपला नाही. पण वादाला रक्ताचा डाग नाही.

त्यांच्याच नावाने आगी

आता एक लाजिरवाणी गोष्ट. खून झाल्याबरोबर मारणारा हिंदू आहे हे मुद्दाम जाहीर करण्यात आले, नाहीतर दिल्लीत मुसलमानांची कत्तल झाली असती. पण मारणारा महाराष्ट्रातला ब्राह्मण आहे हे कळले, आणि आपल्या महाराष्ट्रात आगी लागल्या. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात गावोगाव ब्राह्मणांची घरे, वाडे, दुकाने जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मुंबईत सावरकरांचे बंधू डॉ. नारायणराव यांना दगडांनी ठेचले. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी याच दिवसांवर आहे.

ज्या माणसाने चौरीचौराच्या एका आगीसाठी देशाचे आंदोलन थांबवले, त्याच्या जयजयकारात शेकडो घरे पेटवली गेली. त्या घरांत ज्यांची माणसे राहत होती त्यांतल्या बहुतेकांनी गोडशाचे नावही ऐकले नसेल. एकाने गुन्हा केला, शिक्षा जातीला. हा न्याय आपल्याला ओळखीचा वाटतो ना? आपल्याला पिढ्यान् पिढ्या हाच न्याय मिळाला.

साने गुरुजींनी त्या वेळी एकवीस दिवसांचे उपोषण केले. महाराष्ट्राच्या हातून खून झाला म्हणून आणि महाराष्ट्राने घरे जाळली म्हणूनही त्यांचा जीव तळमळत होता. हे तेच गुरुजी, ज्यांनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपास केला होता.

आपल्या मुलखात

हे सारे चालले होते तेव्हा आपले उमापूर, गेवराई, सारा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शेजारचा नगर जिल्हा स्वतंत्र भारतात आणि आपण अजून पारतंत्र्यात. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवलेले स्वामी रामानंद तीर्थ स्टेट काँग्रेसचा लढा चालवत होते. बाबासाहेबांनी १९४७ च्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्यातल्या आपल्या लोकांना निजामाची बाजू घेऊ नका म्हणून बजावले. रझाकारांचा जुलूम वाढत गेला. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई होऊन राज्य मुक्त झाले.

त्यानंतर जे झाले ते आपण फारसे बोलत नाही. रझाकारांचा सूड म्हणून ठिकठिकाणी साध्या, गरीब मुसलमानांना मारण्यात आले. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने गावोगाव हिंडून अहवाल दिला. त्यात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा आहे, आणि ज्या जिल्ह्यांत माणसे मारली गेली त्यांत आपल्या बीडचेही नाव आहे. हा अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आला नाही. गांधीजी जाऊन आठ महिनेही झाले नव्हते.

आणि १९७८. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला, तेव्हा या वेळी घरे आपली जळाली. मराठवाड्यातल्या वस्त्या पेटल्या, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे गेली. ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांना विचारा, जळत्या छपराला जात असते का? १९४८ ला सांगलीकडचा वाडा जळताना आतली म्हातारी जशी ओरडली असेल, तशीच १९७८ ला आपली म्हातारी ओरडली. ज्याचे घर जळले आहे, त्याने दुसऱ्याच्या घरावर पलिता धरू नये. मला गांधीजींच्या खुनातून शिकायचे ते एवढेच.

मागे काय उरले

जगात शांततेची भाषा बोलणाऱ्या नेत्यांना मारण्याची रीत जुनीच आहे. फ्रान्सचे समाजवादी पुढारी जाँ जॉरेस महायुद्ध टाळायला धडपडत होते. ३१ जुलै १९१४ ला पॅरिसच्या एका उपाहारगृहात त्यांना गोळी घातली, आणि चार दिवसांत युरोप युद्धात होता. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले, गांधीजींचा मार्ग शिकून गेले, आणि ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये मारले गेले.

आपण बौद्ध आहोत म्हणून आपल्यात हे होत नाही, असे कोणी समजू नये. श्रीलंकेचे पंतप्रधान बंदरनायके यांच्यावर २५ सप्टेंबर १९५९ ला गोळ्या झाडणारा माणूस चीवर घातलेला भिक्खू होता. पंतप्रधानांनी त्याला वाकून वंदन केले होते. चीवराने मन आपोआप शुद्ध होत नाही. ते रोज धुवावे लागते.

बाबासाहेबांनी बुद्धाची अहिंसा समजावून सांगताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. ती आंधळी अहिंसा नाही, प्रज्ञेची अहिंसा आहे. गांधीजींच्या अहिंसेपेक्षा ती वेगळी आहे, हे मान्य. पण आचरणात काय दिसते ते पाहा. महाडला २० मार्च १९२७ ला आपल्या माणसांची डोकी फुटली, तरी बाबासाहेबांनी चवताळलेल्या लोकांना आवरले. १९३० ला काळाराम मंदिरासमोर आपण मार खाल्ला. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो माणसांनी हजारो वर्षांचे जोखड फेकून दिले आणि रक्ताचा एक थेंब सांडला नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो बायाबापड्यांनी तुरुंग भरले. नामांतराचा लाँग मार्च पायी निघाला. गांधीजींचे नाव न घेता शांततेचा मार्ग या देशात कोणी सर्वांत जास्त चालून दाखवला असेल, तर तो आपल्या समाजाने. अहिंसा ही कोणाची खाजगी वतनदारी नाही.

म्हणून त्या तरुण उपासकाला माझे सांगणे असे. बाळा, पुणे करार विसरू नकोस. बाबासाहेबांचा ग्रंथ वाच, गांधीजींच्या चुका वाच, तोंडपाठ कर, वाद घाल. पण कोणी तुला येऊन म्हणाला की त्यांना मारले ते बरेच झाले, तर त्याला तिथेच थांबव. उद्या तोच माणूस तुझ्या दारात उभा राहील. ज्यांनी बोलणाऱ्यावर गोळी झाडली त्यांची आणि आपली वाट एक नाही, कधीच नव्हती. बाबासाहेबांनी आपल्या हाती लेखणी आणि घटना दिली आहे. आपल्याला तिसरे हत्यार लागत नाही.

विहाराचा वर्धापन दिन म्हणजे जेवणावळी आणि मिरवणूक एवढेच नव्हे. वर्षातून एक दिवस आपण स्वतःला विचारावे, या वर्षात मी कोणाशी वाद घातला आणि कोणाशी वैर धरले? वाद असेल तर पुढच्या रविवारी वंदनेनंतर इथेच बसून बोलू. वैर असेल तर ते चपलेबरोबर बाहेर काढून ठेवावे, आणि जाताना पुन्हा पायात घालू नये.

नमो बुद्धाय, जयभीम.